दोन खोडलेल्या ओळी

जून 2021 च्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांची बैठक झाली, तेव्हा कोरोनाच्या बंदमुळं माझ्या दुकानाचं शटर खाली येऊन अडीच महिने झाले होते. कोल्हापुरात महाद्वार रोडला फुटणाऱ्या एका गल्लीत माझं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं. पुढं रस्ता, मागं बोळ, मध्ये वीस बाय दहाची जागा आणि छतापर्यंत तांबं, पितळ, स्टील.

बैठकीत असं ठरलं, की जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं. आठ दिवसांत परवानगी आली नाही, तर आपापली शटर वर करायची. गुन्हे दाखल झाले तर होऊ देत. निवेदन लिहायचं काम माझ्याकडं आलं. एक पानाचा कागद, पण तो लिहायला मला चार दिवस लागले.

आधी हे सांगायला हवं, की 2020 मध्ये मी बंदच्या बाजूचा होतो, आणि मनापासून होतो. देशभर लॉकडाऊन लागला तो 25 मार्च 2020 ला, नेमका गुढीपाडव्याला. पाडव्याचा आणि लग्नसराईचा माल मी फेब्रुवारीतच भरला होता. एका लग्नघरची 51 तपेली तर नाव घालून तयार होती. आहेराच्या भांड्यावर आमच्याकडं मशिनवर नाव घालतात, तसं प्रत्येक तपेलीवर वधूवरांचं नाव आणि खाली तारीख, 26 एप्रिल 2020, अक्षय तृतीया. ते लग्न त्या तारखेला झालं नाही. पुढं कधीतरी घरातल्या घरात उरकलं, आहेर वाटायला पाहुणेच नव्हते, त्यामुळं तपेली न्यायला कोणी आलं नाही. पोत्यात भरून ती माळ्यावर ठेवली. तरी मी तक्रार केली नाही. आजार नवा होता, कुणालाच काही माहीत नव्हतं. माझी थोरली बहीण, आमची आक्का, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती ड्युटीवरून आली, की परड्यात बंबाचं पाणी घेऊन आंघोळ करायची आणि मगच उंबरा ओलांडायची. तिच्याकडं बघितलं, की दुकानाचं बोलायला तोंड उघडायचं नाही. बँकेचा हप्ताही रिझर्व्ह बँकेच्या सवलतीमुळं ऑगस्ट 2020 पर्यंत लांबला होता. व्याज चढत राहिलं, पण दारात वसुलीला कुणी आलं नाही. त्या एप्रिल ते जून तिमाहीत देशाचं एकूण उत्पन्न 23.9 टक्क्यांनी घटल्याचा आकडा नंतर पेपरात वाचला, तेव्हाही वाटलं, माणसं वाचली ना, मग झालं.

2021 चं तसं नव्हतं. 5 एप्रिलला अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं बंद झाली. 13 एप्रिलला पुन्हा पाडवा, म्हणजे सलग दुसरा पाडवा शटर खाली. 14 एप्रिलच्या रात्री 8 पासून आणखी कडक. लग्नाला 25 माणसं आणि पुढं दोन तासांची मुदत. हप्त्यांना आदल्या वर्षासारखी सरसकट सवलत नाही. घरफाळा, लाईटबिल, भाडं, सगळं चालू. राज्य सरकारनं मदत जाहीर केली त्यात परवानाधारक रिक्षावाल्यांना 1500 रुपये, नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना 1500, बांधकाम कामगारांना 1500 होते. ती यादी मी दोनदा वाचली. दुकानात काम करणाऱ्या नोकराचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

माझ्याकडं तिघं कामाला. एक हमालीचं काम करणारा पोरगा, एक बिलिंगला बसणारी वडणग्याची मुलगी, आणि मामा. मामा वडिलांच्या वेळेपासूनचे. आता साठीला आलेत. नुसतं टिचकी मारून भांड्याचं वजन सांगतात. तिघांना मी निम्मा पगार देत होतो. तोही सी.सी. खात्यातून उचलून, म्हणजे कर्ज काढून. निम्म्या पगारात त्यांचं कसं भागत होतं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

एप्रिलच्या शेवटी शेवटी फोन यायला लागले. सगळ्यात जास्त फोन कशाला येत होते, तर कुकरच्या रबराला. रबर सैल झालं, शिट्टी होत नाही, डाळ शिजत नाही, गॅस दुप्पट जळतोय. वाण्याकडं डाळ मिळायची, पण ती शिजवायचं रबर माझ्या बंद शटरच्या आत. अत्यावश्यक आणि बिगर अत्यावश्यक ही रेघ कागदावर ओढताना ओढणाऱ्याच्या डोळ्यांपुढं स्वयंपाकघर नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. जूनपासून तर ऑनलाईन कंपन्यांना सगळाच माल घरपोच द्यायची मुभा मिळाली. माझ्याच गल्लीत, माझ्याच बंद दुकानासमोर कुकरचं खोकं घेऊन डिलिव्हरीवाला उभा राहिलेला मी माडीवरून बघितला.

तर मी बोळातलं दार उघडलं. सकाळी 7 ते 9. मामा आत, गिऱ्हाईक बोळात, रबर आणि शिट्ट्या हातोहात. मग लग्नाचे दोन-तीन आहेर. मग कुणी दिसलं, की आतच घ्यायचं आणि दार ओढून घ्यायचं. बोळाकडची खिडकी वडिलांनी चोरीच्या भीतीनं रॅक लावून कायमची झाकलेली. पुढं शटर बंद, मागं दार बंद, आत तीन-चार माणसं आणि एक पंखा. मी घरून फोनवर. हे असं जेमतेम दोन आठवडे चाललं. मेच्या मध्यावर जिल्ह्यात आठवडाभराचा कडक लॉकडाऊन लागला, त्याच्या आदल्या दिवशी मामांना ताप भरला.

ते अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. आक्काच्याच वॉर्डात. आक्का रात्री फोन करायची आणि पहिलं वाक्य मामांचं ऑक्सिजनचं प्रमाण असायचं. 88. 91. पुन्हा 87. मी आकडे डायरीत लिहीत होतो, जशी उधारी लिहितो तशी. मामा घरी आले, पण दोन जिने चढले की बसावं लागायचं. बोळातनं झालं की घरातनं, कुणाला सांगता येणार नाही. मामांच्या घरी नंतर आणखी दोघं पॉझिटिव्ह निघाले. पण दार उघडायचं मी ठरवलं होतं आणि दारात उभे मामा होते, ही गोष्ट काही केल्या बदलत नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी निवेदन लिहायला बसलो.

पहिला मुद्दा सोपा होता. 4 जूनच्या आदेशानं राज्यात पाच स्तर केले होते. पॉझिटिव्हिटी 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनचे 25 टक्क्यांहून कमी बेड भरलेले असले, तर पहिला स्तर, म्हणजे सगळं खुलं. पॉझिटिव्हिटी 10 ते 20 टक्क्यांत असली तर चौथा. चौथ्या स्तरात अत्यावश्यक दुकानं तेवढी दुपारी 4 पर्यंत, बाकी बंद. कोल्हापूर चौथ्यात. गुरुवारी आकडे यायचे आणि सोमवारपासून नवा स्तर लागायचा. पण 10 लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येचं शहर असलं, तरच त्याचा हिशेब जिल्ह्यापासून वेगळा. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं. म्हणजे पुणे शहराचं गणित वेगळं मांडलं जाणार आणि आमचं गणित बारा तालुक्यांच्या बेरजेत. गगनबावड्यात काय चाललंय त्यावर महाद्वार रोडचं शटर. हा मुद्दा मी जोर लावून लिहिला. तो रास्त होता.

दुसरा मुद्दा ऑनलाईनचा. तोही रास्त.

तिसरा मुद्दा बैठकीत सगळ्यांनी एकमुखानं सांगितलेला. मी लिहिलं, ‘दुकाने अडीच महिने बंद असूनही रुग्णसंख्या आटोक्यात आलेली नाही. यावरून दुकानांमुळे संसर्ग वाढत नाही, हे सिद्ध झाले आहे.’

संध्याकाळी आक्का आली. तिच्या नाकावर मास्कचा वळ कायमचा उमटल्यासारखा झाला होता. चहा होईपर्यंत तिनं कागद वाचला आणि तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“सगळेच म्हणत्यात की. दुकानं बंद हाईत, तरी आकडा खाली आलाय काय?”

“आणि उघडी असती तर किती झाला असता, ते बघितलंयस काय तू?”

मी गप्प.

“मामांना कुठनं झालं, सांग बघू. तुला सांगता येत न्हाई. मलाबी येत न्हाई. मग हितं ‘सिद्ध झाले’ कसं लिहिलंस?”

मला राग आला. खरं तर तो राग तिच्यावर नव्हता. मी म्हणालो, “मग काय करू आक्का? वर्षानुवर्षं बंदच ठेवू? तुमाला दवाखानेवाल्यांना काय, बंद पायजेच.”

तिनं कप खाली ठेवला. “आमाला बंद नको रे. आमाला उसंत पायजे. एका रात्रीत वीस जण आले, तर कुणाकडं बघायचं? तेच वीस आठ दिवसांत आले, तर एकेकाकडं बघता येतंय. एवढंच हाय ते बंदचं. त्यानं रोग जात न्हाई. वेळ मिळतोय. त्या वेळात लस द्यायची, बेड वाढवायचे, माणसं भरायची.”

“आणि त्या उसंतीचे पैसे कोण भरतंय? तुझा पगार चालू हाय.”

हे बोलायला नको होतं. ती बारा-बारा तास त्या प्लास्टिकच्या पोशाखात घामानं भिजत होती. पण ती चिडली नाही. थोडा वेळ भिंतीकडं बघत बसली आणि म्हणाली, “बरोबर हाय. माझा चालू हाय. तेबी लिही. बंद ज्याच्या पोटावर हाय, त्याला त्या दिवसांचा पगार कुणीतरी द्यायला पायजे, असं लिही. माझ्या वॉर्डात एक हॉटेलातला वेटर होता. ताप अंगावर काढून आठ दिवस पार्सलं बांधत होता. का, तर रजा घेतली असती तर काम गेलं असतं. लई उशिरा आला.”

तो वाचला का, ते मी विचारलं नाही. तिनं माझ्याच पेनानं तिसरा मुद्दा खोडला. आडवी एकच रेघ.

त्या रात्री मी कागद नव्यानं लिहिला. तिसऱ्या मुद्द्याच्या जागी लिहिलं, की दुकानांतून संसर्ग होऊ शकतो, हे आम्ही जाणतो. म्हणून कामगारांना लशीत प्राधान्य द्यावं. 18 ते 44 वयाची लस तुटवड्यामुळं राज्यात मे महिन्यात थांबवली होती आणि माझ्या बिलिंगच्या मुलीला तेव्हाही पहिला डोस मिळालेला नव्हता. ज्या दुकानाला मागं खिडकी आहे, त्यानं ती उघडावी. एका वेळी आत किती माणसं, ते जागेवर ठरावं. आणि चौथा मुद्दा, ‘बंदच्या काळातील दुकान कामगारांच्या वेतनाचा निम्मा भार शासनाने व निम्मा मालकाने उचलावा.’

दुसऱ्या दिवशी सह्यांसाठी बैठक. तिथं जे झालं, त्यानं माझी झोप उडवली.

एका तरुण व्यापाऱ्यानं स्वीडनचं उदाहरण काढलं. तिथं दुकानं बंदच केली नाहीत, काय बिघडलं? मी म्हणालो, तिथं एकेकट्यानं राहणारी घरं पुष्कळ. आपल्याकडं एका खोलीत सहा जण झोपतात. आणि डिसेंबर 2020 मध्ये त्यांच्या राजानंच जाहीर कबूल केलं, की आपण लोकांना वाचवण्यात कमी पडलो. पोरगा हुशार आहे, त्याला पटलं नाही, पण त्यानं ऐकून घेतलं. त्याचंही एक म्हणणं मला खोडता आलं नाही. तो म्हणाला, पॉझिटिव्हिटी म्हणजे किती लोक आजारी ते नव्हे, तपासलेल्यांपैकी किती निघाले ते. आजारी माणसालाच तपासलं तर टक्का वर, सरसकट तपासलं तर खाली. मग ज्या टक्क्यावर माझं पोट बांधलंय, तो टक्का तपासणीवर हलतो, हे न्याय्य कसं? आणि झालंही तसंच. अँटिजेन चाचण्यांचा सपाटा लावून टक्का खाली आणायची भाषा सुरू झाली होती, तेवढ्यात 25 जूनच्या आदेशानं फक्त आरटीपीसीआरच धरायची असं ठरलं आणि विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या रूपाच्या धास्तीनं सगळीकडं निदान तिसऱ्या स्तराचे निर्बंध ठेवायला सांगितलं. पण ते नंतर.

लक्ष्मीपुरीतले एक ज्येष्ठ व्यापारी म्हणाले, शाहू महाराजांनी दुष्काळात नुसता हुकूम काढला नव्हता, स्वस्त धान्याची दुकानं काढली होती. ‘बंद कर म्हणणाऱ्यानं खायचं काय तेबी सांगायला पायजे.’ मला वाटलं, आता चौथा मुद्दा सगळ्यांना पटणार. पण तोच मुद्दा अडला.

“निम्मा मालकानं? हे कुणी घातलं? उद्या शासन म्हणेल, तुम्हीच लिहून दिलंय, द्या निम्मा. आणि त्यांचा निम्मा कधी यायचाच न्हाई.”

मी समजावायचा प्रयत्न केला. म्हणालो, आपण रस्त्यावर उतरताना कामगारांचं नाव घेतो. कामगार उपाशी मरतोय म्हणतो. मग कागदावर त्याच्यासाठी एक ओळ नको? एकानं थेट विचारलं, तुम्ही देताय काय पूर्ण पगार? मी म्हणालो, निम्मा. तो म्हणाला, मी तेवढाबी देऊ शकत न्हाई, माझं कापडाचं दुकान, भाड्याचं, दोन वर्षं झाली. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

चौथी ओळ खोडली गेली. माझ्या समोर, माझ्या संमतीनं. लशीचा मुद्दा राहिला, खिडकीचा राहिला. ‘सिद्ध झाले’ परत आलं नाही, एवढं मी धरून ठेवलं. सह्या झाल्या, कागद गेला. बरीच निवेदनं, बऱ्याच बैठका, पालकमंत्री, आरोग्यमंत्री, सगळं होऊन जुलैच्या सुरुवातीला थोड्या दिवसांच्या बोलीवर शहरातली सगळी दुकानं उघडायची परवानगी मिळाली.

उघडायच्या आदल्या दिवशी मी आणि हमाल पोरानं मागचं रॅक काढलं. खिडकीच्या गजांवर वीस-पंचवीस वर्षांची जळमटं होती. फळी निघाली आणि बोळातून वारा थेट पुढच्या शटरपर्यंत आला. तीन महिने हात न लागलेल्या तांब्याच्या घागरी कळंकून हिरव्या-काळ्या पडल्या होत्या. मामा आले, कुणाला काही न विचारता खिडकीजवळ स्टूल ओढून बसले आणि चिंचेचा कोळ कालवून एकेक घागर घासायला लागले. मध्ये मध्ये थांबून दम घ्यायचे. भवानी झाली ती कुकरच्या रबराची.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस असा लागला, की पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच मागं टाकली. 2019 नंतर दोनच वर्षांत पुन्हा महापूर. हायवे शिरोलीजवळ बंद. माझी गल्ली उंचावर, तिथं पाणी येत नाही. पण बैठकीत माझ्या शेजारी बसणाऱ्या शाहूपुरीतल्या दोघांच्या दुकानात पाणी शिरलं. नुकताच उसनवारीनं भरलेला माल गेला. आणि 2 ऑगस्टला राज्यातले 25 जिल्हे मोकळे झाले, तेव्हा मागं राहिलेल्या 11 जिल्ह्यांत कोल्हापूर होतंच. पुन्हा दुपारी 4 ला शटर.

त्याच आठवड्यात ते तपेल्यांवाले आले, नवऱ्या मुलाचे वडील. उरलेले पैसे द्यायला आले होते. मी म्हणालो, माल घेऊन जावा, माळ्यावर तसाच आहे. ते म्हणाले, आता कुणाला वाटू? चिखली-आंबेवाडीला लोकांची भांडीकुंडी वाहून गेलीत, तिकडं जाऊ देत.

मामांनी आणि मी पोती खाली घेतली. मामांनी एक तपेलं बाहेर काढून टिचकी मारली, सवयीनं, आणि तारीख वाचली. मग 51 मोजून झाल्यावर पोत्याचं तोंड आवळता आवळता विचारलं, “मालक, त्या कागदात आमचं बी काय लिवलंतं म्हणं. लशीचं सोडून, पगाराचं. ती पोरगी सांगत हुती.”

“लिहिलं होतं मामा. बैठकीत खोडलं.”

त्यांनी सुतळीची गाठ दातानं घट्ट केली. खिडकीतून वारा येत होता.

“बरं,” ते म्हणाले. “चार वाजत आलं, शटर घेऊया.”